कणकेने मोजलेली चाकं

माझ्या हातात स्टिअरिंग दिलं ते दिगंबरकाकांनी. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना मन भरून येईल आणि नेमकं हेच राहून जाईल. मार्च संपत आला होता. इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात, रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ तेवढा उरला होता आणि मी नेहमीसारखी त्यांच्या घरच्या पोळ्यांची कणीक मळत होते. विमलकाकूंचा फोन आला. "सुरेखा, आज पोळ्या नको गं करूस." मला वाटलं बाहेर जेवायला चाललेत, म्हणून म्हटलं, "मग उद्या आणू का?" त्या म्हणाल्या, "काका गेले. झोपेतच." मी कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले.

मी सातवीपर्यंत शिकलेली. तासगावच्या बाजूच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आले. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टला जातो, मी ओळखीच्या घरांच्या पोळ्या करते. इथे ज्याला त्याला विचारावं तर इंजिनियर, नाहीतर कॉम्प्युटरवाला. कुणी दाराची बेल वाजवली तरी मला धास्ती, की आता इंग्रजीत काय विचारणार! गाडी चालवता येत नसेल तर इथे माणूस लंगडाच. नवऱ्याची सुट्टी असली की मी बाहेर, नाहीतर खिडकीत. चालत जाता येईल असं एकच मराठी घर होतं, काकाकाकूंचं.

काका जन्मभर गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होते आणि रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःला एक जुनी मसल कार घेऊन दिली. दोन दारं, हे एवढं लांब नाक, आत राक्षसासारखं इंजिन आणि रंग शेंदरी. ती सुरू केली की स्वयंपाकघरातले कप किणकिणायचे. काकू म्हणायच्या, "हंबरली बघ यांची म्हैस." पण त्या म्हशीला जन्मापासूनची चाकं होती बारीक, आणि काकांना ते खुपायचं. "एवढा पैलवान आणि पायात पोराच्या चपला?" म्हणून त्यांनी रुंद रिम आणि रुंद टायर मागवले, स्वतःच बसवले, आणि हौसेने काकूंना शेजारी बसवून भाजी आणायला निघाले. येताना एका वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या काठाला असा किंचाळत घासला, की काकूंच्या भाषेत, डुकरानेही लाजावं. काकूंनी तिथेच गाडी थांबवायला लावली, कोथिंबिरीची पिशवी उचलली आणि चालत घरी आल्या. त्या दिवसापासून ती सीट रिकामी.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. लोक घडीच्या खुर्च्या टाकून रस्त्याच्या कडेला दिवसभर बसतात, गाड्या मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात. काका दरवर्षी जायचे. एकदा पोळ्यांचा डबा घेताना हळूच म्हणाले, "बाकीच्यांच्या बायका शेजारी बसून हात हलवतात गं. माझ्या शेजारी पाण्याची बाटली असते." हसत म्हणाले, पण मला ते लागलं. मुलगा निखिल जर्सी सिटीला असतो, तो फोनवर म्हणायचा, "बाबा, जस्ट पुट द ओल्ड व्हील्स बॅक. आई विल सिट, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!" काका ऐकायचे नाहीत. "तिच्यासाठी गाडी बारीक नाही करायची, गाडी नीट करायची. रुंद चाकंही राहतील आणि तीही बसेल. या ऑगस्टला."

त्याच उन्हाळ्यात एकदा मी डबा द्यायला गेले तर गॅरेजमधून हाक आली, "सुरेखा, आत बस आणि स्टिअरिंग फिरव." मी म्हटलं, "काका, मला येत नाही हो!" ते म्हणाले, "गाडी बंद आहे, पळून कुठे जाते?" मी बसले. "डावीकडे… अजून… पूर्ण… थांब!" ते चाकापाशी वाकून टॉर्चने बघत होते. उभ्या गाडीत घासतच नव्हतं, आणि पळत्या गाडीत कुठे घासतं ते बघणार कोण? ते म्हणाले, "इथले लोक मुलांच्या खेळातली माती लावून बघतात. ती किती चेपली त्यावरून कळतं." माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कणीक चालेल की!" काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जसं कंपनीत कुणी मोठा शोध लावलाय. "घट्ट मळ. पुरीला मळतेस तशी."

झालं! मी गोळे करायचे, ते मडगार्डच्या आतून चिकटवायचे, पैलवान कॉलनीतल्या वळणांवर, स्पीडब्रेकरवर फिरून यायचा आणि आम्ही दोघं गॅरेजच्या फरशीवर बसून गोळे तपासायचो. जिथे पापडी झाली असेल तिथला पत्र्याचा काठ काका गरम करून रोलरने आत वळवायचे. मग पुन्हा नवी कणीक. काकू दारातून विचारायच्या, "आज काय नैवेद्य? पुरणाचा का साधाच?" मी हसून हसून दमायचे. या देशात मी इतकी हसले नव्हते. शेवटी एका दुपारी सगळे गोळे जसेच्या तसे परत आले. काका घाईघाईने काकूंना घेऊन आले. काकूंनी एका गोळ्यात बोट खुपसलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "बसते. पण आवाज आला तर तिथेच उतरणार, सांगून ठेवते."

मिरवणुकीच्या दिवशी काकू मोतिया रंगाची साडी नेसून आणि काळा गॉगल घालून पुढे बसल्या. मागे मी, माझा नवरा आणि खास विमानाने आलेला निखिल. माझ्या मांडीवर साबुदाणा वड्यांचं भलंमोठं पातेलं. आणि इथेच आमचं चुकलं. सगळ्या चाचण्या काकांनी एकट्याने रिकाम्या गाडीत केल्या होत्या. मराठी माणूस कधी रिकामी गाडी नेतो का? त्यांचं इंजिनियरिंग आणि माझी कणीक, दोघांनाही हे सुचलं नाही. मोठ्या रस्त्याला वळताना मागची बाजू आमच्या वजनाने खाली बसली आणि… तोच आवाज! रबराचा वास. काकांनी गाडी कडेला घेतली. मी पातेल्यात बघत राहिले. निखिल पुटपुटला, "ओ नो." काकूंनी दाराचा खटका ओढला आणि उतरल्या. काका स्टिअरिंग धरून समोर बघत होते, त्यांची मान नुसती खाली गेली. मग काकूंनी आपली सीट पुढे पाडली, आत वाकल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "बघताय काय? उतरा. तिघंही. पातेलंसुद्धा." आम्ही उतरलो. त्यांनी सीट सरळ केली, पदर आवरला, बसल्या आणि काकांना म्हणाल्या, "चला आता. लोक खोळंबलेत."

पुढचे काही तास आम्ही फुटपाथवरून, ते रस्त्यावरून! गाडी इतकी हळू होती की आम्हीच पुढे जाऊन थांबायचो. खुर्च्यांवरच्या लोकांना मी वडे वाटले; माझ्या इंग्रजीची कुणी परीक्षा घेतली नाही, सगळे "व्हॉट इज धिस?" म्हणत दुसरा मागत होते. काकू तर राणीसारखा हात हलवत होत्या. काकांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तो मला कायमचा पुरेल. नंतर गाडी वजनाने खाली बसू नये म्हणून त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक जास्तीचा पाटा घातला आणि आम्हा सगळ्यांना मुद्दाम कोंबून, पातेल्यासकट, पुन्हा कॉलनीभर फिरवलं. आवाज नाही! त्याच वर्षी हिवाळ्याआधी, "उभ्या गाडीत शिकलीस, आता चालत्या गाडीत शीक," म्हणून त्यांनी मला काकूंच्या ऑटोमॅटिक गाडीवर तयार केलं. रोड टेस्टच्या बाई म्हणाल्या, "यू आर व्हेरी काम." मी आणि शांत! काकांना सांगितलं तर ते गॅरेजमध्ये उभ्याउभ्या नाचले.

काकांचं दिवसकार्य झाल्यावर निखिलने हळूच विषय काढला, "आई, हू इज गोइंग टू ड्राइव्ह इट? एक माणूस गाडी विकत घ्यायला तयार आहे." काकू चहा गाळत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "सुरेखा आहे की." पैलवान गियरचा आहे, क्लच दाबायला अख्खं अंग लागतं. पण नाही कसं म्हणणार? आता रोज दुपारी मी गाडी त्यांच्या ड्राइव्हवेतून मागे-पुढे करते, ती बंद पडते, मी पुन्हा सुरू करते. काका उंच होते, सीट त्यांच्या पायांच्या मापाने अगदी मागे आहे. काकू म्हणतात, "ओढून घे की पुढे." मी अजून ओढली नाही… पाठीशी दोन उशा घेते आणि पाय पोचवते.

काका, या नाहीतर पुढच्या ऑगस्टला, पण नक्की. काकू शेजारी, मागची सीट भरलेली, आणि गाडी मी चालवीन. वाटेत कुणालाही उतरावं लागणार नाही. तुमचं जे देणं माझ्याकडे आहे, ते मी असं फेडीन.