कडेवरचं नाव

पदक हातात आलं की काका त्यावरच्या राजाकडे पाहतच नसत. अंगठा आणि तर्जनीत धरून पदक आडवं करायचे, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढायचे आणि कड हळूहळू फिरवत राहायचे. पदक आणणारा उतावळा होऊन चित्राची बाजू पुढे करू लागला, की म्हणायचे, "तोंड कायले दाखवून राह्यला? तोंड राजाचं असते. शिपाई कडेवर असते."

अशी पदकं तुमच्यापैकी काहींच्या घरात असतील. चांदीची जाड चकती, एका बाजूला इंग्रजांचा राजा, दुसऱ्या बाजूला घोडा आणि त्यावर अंगावर सूतही नसलेला माणूस. ज्याला ते मिळालं त्याचा नंबर, नाव आणि पलटण कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. पहिल्या महायुद्धात आपल्या वाशीमच्या खेड्यांतूनही माणसं गेली होती. काही बंदूक घेऊन गेली, काही खेचरं हाकायला. परतल्यावर कुणी पदक पेटीत टाकलं, कुणी सुनेच्या गळ्यात बांधलं.

काकांचं वाशीमला चष्म्याचं दुकान होतं; ते माझ्या नात्यातले नव्हते, सगळेच त्यांना काका म्हणत. रिठदहून मी कॉलेजला आलो तेव्हा मला फळा दिसत नसे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. दिसत नाही हे सांगायचं कुणाला, तेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, "आजपावतर अंदाजानं शिकला काय रे?" पहिला चष्मा लावून मी दुकानाबाहेर आलो आणि समोरच्या कडुनिंबाला वेगवेगळी पानं आहेत हे मला कळलं. त्या उपकाराच्या ओढीनंच मी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गावोगाव हिंडायचो. शिरपूर, अनसिंग, जिथून निरोप येईल तिथे. सोनाराच्या भट्टीतून वाचवलेली पदकं त्यांच्या स्वतःच्या संग्रहात होती, पण कुणाच्या घरातलं पदक त्यांनी कधी मागितलं नाही. कडेवरचं टिपून घ्यायचे, दिल्लीला आणि विलायतेला पत्रं लिहायचे. इंग्रजी मजकूर माझ्याकडे असे. महिन्यांनी उत्तर आलं की त्या घरी जाऊन, पाणी पिऊन, सगळ्यांना गोळा करून सांगायचे की तुमचा माणूस कुठल्या जहाजानं गेला आणि कुठल्या वाळवंटात उतरला. ऐकताना माणसं ताठ बसायची.

त्यांचा पहिला वैरी म्हणजे चिंच. दसऱ्याला विळे, कुऱ्हाडी आणि नांगराच्या फाळासोबत आमच्याकडे पदकाचीही पूजा होते, आणि पूजेआधी सगळं चिंच आणि राखेनं घासून लख्ख करतात. वर्षानुवर्षं घासून राजाचं नाक जातं आणि कडेवरचं नावही जातं. माझी आजी तर पूजेत त्या उघड्या घोडेस्वाराला नेमक्या जागी कुंकवाचं बोट लावायची. हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "लाज राखली बुढीनं, पण शिपाई खाऊन टाकला."

चिंचेहून जास्त राग त्यांना खोट्या नावांचा. काही व्यापारी मूळ नाव कानशीनं घासून काढतात आणि मोठ्या पलटणीतल्या कुणाचं नाव कोरतात, म्हणजे भाव येतो. असा एकजण दुकानात आला होता. त्याला त्यांनी पायऱ्या उतरायला लावल्या आणि मला म्हणाले, "मेलेल्याचं श्राद्ध दुसऱ्याच्या नावानं घालते हे लोक." खोटं कसं ओळखायचं तेही तेव्हाच शिकवलं. घासलेल्या पदकाचं माप किंचित कमी भरतं, आणि नवी अक्षरं नखाला लागतात.

आमच्या घरीही एक पदक होतं. माझ्या पणजोबांचं, असं वडील सांगत. त्याच्या कडेवर नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. वडिलांचे एक लांबचे चुलतभाऊ पारावर चारचौघांत विचारायचे, "तुहा आजा कुठी गेल्ता लढाईले? बैलबाजारात गेल्ता, थेथूनच आणलं थे." लोक हसायचे. वडील खाली मान घालून घरी यायचे. मी ते पदक वाशीमला काकांच्या दुकानात नेलं. त्यांनी ठेवून घेतलं, आणि दिवाळीनंतर निरोप आला, बापाले घेऊन ये.

वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. काकांनी त्यांचं बोट हातात धरलं, कडेवर टेकवलं आणि एकेक अक्षर म्हणत पुढे सरकवलं. नंबर, मग पणजोबांचं नाव, मग खेचरांची तुकडी. चिंचेखाली दबलं होतं, तिरप्या उजेडात वर आलं, असं ते म्हणाले. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि चष्म्याच्या काउंटरवर ठेवली.

सव्वीस जानेवारीला सरपंचांनी वडिलांना झेंड्याजवळ बोलावलं. चुलतकाकांनी पदक नातवाकडून वाचून घेतलं आणि परत दिलं. त्यानंतर पारावर तो विषय निघाला नाही. मी पणजोबांवर कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख लिहिला. माझा पहिला लेख. त्याच बळावर मी इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि आज इतिहासच शिकवतो.

गेल्या वर्षी मुलांना दाखवायचं म्हणून ते पदक घरून आणलं आणि सवयीनं भिंगाखाली धरलं. राजाचं नाक नव्हतं. घोड्याचे पाय पुसट झाले होते. कडेवरची अक्षरं मात्र नखाला लागत होती. चिंच दोन्ही बाजू खाते आणि कडेला सोडते, असं होत नाही. माप घेतलं. किंचित कमी भरलं.

तोवर दुकान बंद झालं होतं, काका घरीच असत. मी पदक त्यांच्या हातावर ठेवलं. त्या दिवशी त्यांनी कड फिरवली नाही. राजाच्या तोंडाकडेच पाहत बसले.

"कळलं तुले," ते म्हणाले.

मी विचारलं, कडेवर काही उरलं होतं का?

"होतं. भिंगात पुरं वाचता येत होतं."

"मग?"

"तुमच्याचं नव्हतं."

काकू चहा ठेवून गेल्या. मी विचारलं, कुणाचं होतं? ते म्हणाले, आठवत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक पदकाचा नंबर ज्यांना तोंडपाठ होता, ते म्हणाले, आठवत नाही. माझा त्यावर आजही विश्वास नाही.

"मले काहून नाही सांगतलं, काका?"

"तुले सांगतलं असतं तर तू बापाले सांगतलं असतं. तू तसाच हाय." आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवत, "थो माणूस माह्यासमोर कसा उभा होता, तू पाह्यलं नाई. तू पदकाकडे पाहून राह्यला होता."

ते खरं होतं. पण त्यांनी नुसती थाप मारली असती, तर मी कधीतरी विसरलो असतो. त्यांनी एका शिपायाच्या नावावर कानस चालवली होती. तो कुणीतरी होता. समुद्रापार गेला, आणि परत आला की नाही तेही आता कळणार नाही. त्याचं नाव आमच्या घरात इतकी वर्षं होतं, दसऱ्याला त्याला कुंकू लागत होतं, आणि ते मीच स्वतःच्या हातानं नेऊन दिलं. ज्या माणसानं मला खरं-खोटं ओळखायला शिकवलं, त्यानंच माझं पहिलं खरं खोटं करून ठेवलं. चुलतकाका बरोबर होते, हे मी त्यांना सांगू शकत नाही. वडिलांना तर नाहीच. ते अजून पाहुण्यांचं बोट धरून कडेवर फिरवतात.

मी चहा न पिता उठलो. पुन्हा गेलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

या उन्हाळ्यात ते गेले. तेरवीला गेलो तर अंगणात मावणार नाहीत इतकी माणसं. गावोगावची. कितीतरी जणांनी सदऱ्यावर पदक लावलं होतं. जो तो शेजारच्याला सांगत होता, काकांनी आमच्या आज्याचं नाव कसं शोधून दिलं. यातली खरी किती, हा विचार मी करत होतो आणि स्वतःवरच चिडत होतो.

अनसिंगची एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. काळ्या दोऱ्यात ओवलेलं पदक तिनं गळ्यातून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"बाबू, तुमी कालेजात शिकवता म्हंते. एकखेप वाचा. काका आले की वाचत, मले आयकाले बरं वाटे. माह्या सासऱ्याचं हाय."

पदक तिच्या गळ्यापाशी गरम झालं होतं. घासून घासून गुळगुळीत. भिंग माझ्या खिशात होतं. मला सोपं जावं म्हणून तिनं आधीच सासऱ्याचं नाव सांगून टाकलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मी तेच नाव मोठ्यानं म्हटलं.