अमालांचा खारा चहा

अमालांच्या घरी कप कधी रिकामा होत नसे. आपण एक घोट घेतला, की त्या किटली घेऊन पुढे. नको म्हणून कपावर हात ठेवला, तर तो अलगद बाजूला करून ओतत. अमा म्हणजे तिबेटीत आई, आणि 'ला' आपल्या 'जी'सारखा. एडिनबरातल्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर मुलीकडे, डोलमाकडे, राहत. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. तिबेट सुटल्यावर त्यांनी अर्धं आयुष्य हिमाचलात काढलेलं आणि मी सांगलीहून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आलेली. त्यामुळे आमची मैत्री हिंदीतली.

विटेसारख्या दाबून वाळवलेल्या चहाचा तुकडा उकळून त्या काळं पाणी करत. मग लोणी आणि मीठ घालून ते मिक्सरमध्ये घुसळत. दुकानातलं लोणी मुळात खारवलेलं, त्यावर पुन्हा मूठभर मीठ. त्याच चहात भाजलेल्या सातूचं पीठ बोटांनी मळायचं, सोबत वाळवलेलं मांस. पहिला घोट मी कढण समजून गिळला. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र कामावरून येताना जिन्यातच त्या वासाने भूक लागू लागली.

एका रविवारी त्या वर आल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. "डोकं जड झालंय, बेटी." मी ब्लडप्रेशर घेतलं. विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या हातावर घेतलं. आकडा त्यांना सांगितला नाही. डोलमाला सांगितला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती त्यांना जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेली.

जीपीने गोळ्या दिल्या आणि मीठ तोडायला सांगितलं. अमालांनी दोन्ही मनावर घेतलं नाही. मी समजावू लागले, की याकांमागे दिवसभर थंडीत चालणाऱ्याची गोष्ट वेगळी. इथे रेडिएटरजवळ बसून इतकं मीठ सोसत नाही. आणि तिथेसुद्धा माणसं अशी अचानक पडतच होती, फक्त त्या आजाराचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"माझा नवरा हिमाचलात रस्त्याच्या कामावर पडला," त्या म्हणाल्या. "निर्वासितांच्या छावणीत ना लोणी, ना चहा. नुसत्या गरम पाण्यावर दिवस काढायचो. एका सकाळी हातातलं फावडं सुटलं, आणि संपलं. चहा मिळत होता तोवर धडधाकट होता माणूस. आणि तू म्हणतेस, चहा मारतो?"

डोलमाने घरातलं मीठ लपवलं. मायलेकींचं बोलणं तुटलं. मग एका दुपारी अमाला वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. थोडं मीठ हवं होतं. मी नाही म्हटलं. शेजारणीला मीठ नाकारायचं, हे आमच्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. त्यांनी वाटी मागे घेतली.

"आईलाही नसतं दिलंस?"

"आईला तर मुळीच नसतं दिलं."

त्या खाली गेल्या आणि त्यांचं दार माझ्यासाठी बंद झालं. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघत.

लोसारला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, डोलमाने मला बोलावलं. अमालांच्या हातात किटली होती. मीठ त्यांनी कुठून मिळवलं कोण जाणे; वासावरूनच कळलं, की चहा पूर्वीसारखा झालाय. माझ्याकडे न बघता त्यांनी ओतायला सुरुवात केली. कप भरला, धार थांबेना. चहा बशीत आला, टेबलावर आला. मी मान वर केली. त्यांच्या ओठांची उजवी कड खाली ओघळली होती.

"डोलमा, ॲम्ब्युलन्स!" मी ओरडले आणि त्यांना धरलं.

जीव वाचला. उजवा हात गेला, आणि भाषा गेली. काही तिबेटी शब्द हळूहळू परतले. हिंदीचा मात्र मागमूस नव्हता. मी बोलायचे, त्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायच्या.

घरी आणल्यावर त्यांनी अन्न सोडलं. गिळता येत होतं, पण अळणी चहाचा कप डाव्या हाताने दूर सारायच्या. गालाची हाडं दिसू लागली. डोलमा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "दीदी, मीठ दिलं तर मी मारते. नाही दिलं तर उपाशी मारते."

मी जीपीशी बोलले. ठरलं, की सकाळी एकच लहान कप, बिनमिठाच्या लोण्याचा, वरून मिठाची जेमतेम चिमूट. पण गोळी चुकवायची नाही. डोलमाने चहा केला. अमालांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. कप संपल्यावर त्यांनी तळवा पुढे केला. डोलमाला कळेना. अमालांनी हनुवटीने गोळ्यांच्या डबीकडे खूण केली.

त्या गोळीवर आणि चिमूटभर मिठावर त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. डोलमाला मुलगी झाल्यावर नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसत. मी रोज संध्याकाळी खाली जायचे. बोलण्यासारखं काही नसे. त्यांचा निकामी हात चोळत बसायचे.

नव्वदच्या दशकात मला मँचेस्टरला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी पांढरं रेशमी वस्त्र काढलं. निघणाऱ्याच्या गळ्यात ते दोन्ही हातांनी घालायचं असतं. त्या एकाच हाताने घालू लागल्या. ते घसरून पडलं. डोलमा पुढे झाली, तशी त्यांनी मानेनेच तिला थांबवलं. मी उचलून दिलं, आणि या वेळी खाली वाकून उभी राहिले. वस्त्र गळ्यात बसलं. त्यांचे ओठ कितीतरी वेळ हलत राहिले, कपाळावरची शीर ताठ झाली. मी घाबरून मनगट धरणार, तेवढ्यात शब्द फुटला.

"आना."

मी त्यांच्या पायांना हात लावला आणि मराठीतच म्हणाले, "येते हं, अमाला."