खाजणातला हापूस

आमच्या गावात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की तिसऱ्याला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. त्यामुळे खाडीकाठी कोणती झाडं लावायची या प्रश्नावर अख्ख्या ग्रामसभेचं एका दमात एकमत झालं, तेव्हा तो तिसरा मीच निघालो.

त्याआधी जागा सांगतो. आमचं घर खाडीच्या काठाला. घराखाली भाताची सखल शेतं, म्हणजे खलाटी, खलाटीच्या टोकाला मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाजण, म्हणजे भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. त्या चिखलात तिवरांची दाट रांग होती. तिवराला आमच्याकडे कुणी झाड म्हणत नाही. तो आपला असतो, जसा चिखल असतो, जसे डास असतात. त्याला फळ येत नाही, म्हणजे खाण्याजोगं येत नाही, आणि सावलीला बसावं तर पाय गुडघ्यापर्यंत रुततात. मात्र भरतीचं पाणी आधी त्याच्यावर आपटून मग निवांतपणे बांधाशी यायचं, आणि बांध त्यामुळेच उभा होता, हे गावातल्या कुणालाही ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ग्रामसभेत बोलणं या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खलाटीच्या कोपऱ्यात आमची बाव आहे. ती माझ्या थोरल्या भावाने खणून घेतली. दादा बोटीवर होता. सगळा जन्म खाऱ्या पाण्यावर काढलेल्या त्या माणसाला घरी आल्यावर गोडं पाणी हवं असे, आणि ते शेजाऱ्याच्या विहिरीवरून आणलेलं नको असे. खाडी इतक्या जवळ असून पाणी गोड लागलं, याचा त्याला कुठल्याही परदेशवारीपेक्षा जास्त अभिमान होता. दादा गेल्यापासून बाव वहिनीची झाली. रोज सकाळी ती कठड्याला हात लावून मगच कळशी सोडते. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, लग्न न केलेला दीर, तिच्या हातचं खातो आणि तिच्या बावीचं पितो. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तर खाडीच्या तोंडाशी एका बिल्डरने बंगल्यांची वसाहत काढली. त्याला आम्ही कधी पाहिलं नाही, त्यामुळे शेठ म्हणू लागलो. वसाहतीला जायचा रस्ता खाजणातून काढायचा ठरला. तिवर तोडायची परवानगीही शेठला रीतसर मिळाली. परवानगीत अट होती, की जेवढं तोडलं तेवढीच स्थानिक वनस्पती खाडीकाठी पुन्हा लावायची आणि जगवून दाखवायची. झाडं कोणती, ते स्थानिकांना विचारून ठरवायचं. लोकशाही आमच्या खाजणापर्यंत पोचली ती अशी.

तिवर आठवड्याभरात गेला. मग शेठच्या कंपनीची सल्लागार बाई आली. पुण्याची, तरुण आणि फार गोड बोलणारी. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. तिने पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली आणि विचारलं, "तुमच्याकडची अगदी अस्सल, मूळची, जिच्याशी तुमचं नातं आहे, अशी वनस्पती कोणती?"

आता हा प्रश्न रत्नागिरीकराला विचारावा का?

"हापूस!" सगळा हॉल ओरडला. मागच्या बाकावर पेंगणारे जागे होऊन ओरडले. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे तर एकाच सुरात ओरडले. बाईने कौतुकाने टिपून घेतलं. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या एका चाकरमान्याने लगेच उभं राहून देवगडच्या लोकांना कसा आमचा हेवा वाटतो, यावर भाषण सुरू केलं. देवगडचा त्या सभेशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

वहिनीने घरून निघताना मला बजावलं होतं. "भावजी, तुमी बोला हां. तितं तिवर होता, तिवरच लावायला सांगा. बांध गेला तर माज्या बावीचा काय व्हयाचा?" म्हणून मी उभा राहिलो. म्हटलं, अहो, खाजणात भरतीचं पाणी येतं. कलम खाऱ्या चिखलात कसं जगेल? तिथे तिवर होता, तोच पुन्हा लावला पाहिजे.

"मास्तर, तिवराचा आमरस खाणार काय?" कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसून हसून आडवा झाला.

माझं डोकं फिरलं. रागाच्या भरात मी म्हणालो, की मूळचं-मूळचं काय लावलंय, हापूसचं कलम पोर्तुगिजांनी बांधलं, नावसुद्धा त्यांचंच आहे. हे वाक्य रत्नागिरीत बोलू नये. एखाद्याच्या घरी जेवायला बसून त्याच्या आईच्या आमटीला नावं ठेवावीत, तसं ते ऐकलं गेलं. हसणं थांबलं. सरपंच म्हणाले, "मास्तर, बसा तुमी." मी बसलो. ठराव एकमताने झाला. मला त्या एकमतात धरलं होतं.

घरी आल्यावर वहिनीने सरळ पान वाढलं. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं.

पावसाच्या तोंडाला कलमं आली. लांज्याकडच्या एका नर्सरीतून टेंपो भरून, उत्तम, तजेलदार कलमं. त्यांचा काहीच दोष नव्हता. खाजणात खड्डे खणून त्यात डोंगरावरची लाल माती भरली. भोवती बांबूचे पिंजरे, पिंजऱ्यांना हिरवा रंग आणि काठावर फलक: स्थानिक वनस्पती पुनर्स्थापना क्षेत्र. कुठलंही काम सुरू करायचं तर आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवून गुरवाने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, हे जे शेठ तुज्या गावात आलेले हायत, त्यांनी ही कलमा लावलेली हायत. त्यांना खाऱ्या पान्याची बाधा व्हव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. कंपनीचा सुपरवायझर सर्वांत मोठ्याने म्हणाला. तो बिचारा घाटावरचा, खाडी त्याने पहिल्यांदाच पाहिलेली. गाऱ्हाणं संपल्यावर तो इतका हलका झालेला दिसला, की मला कळून चुकलं: झाडं जगवायची अट आता शेठच्या अंगावरून उतरून ग्रामदेवतेच्या अंगावर गेली आहे.

देवाने आपल्याकडून टाळाटाळ केली नाही. त्याने श्रावणातलं उधाण वेळेवर पाठवलं. अमावास्येची भरती, वरून पाऊस, आणि मध्ये अडवायला तिवर नाही. लाटा थेट बांधावर येऊ लागल्या. दुपारपर्यंत बांधाला खांड पडली आणि खाडी आमच्या खलाटीत शिरली. वहिनी पडवीच्या खांबाला धरून बघत होती. पोटरीला आलेलं भात पाण्याखाली गेलं, तरी तिने खांब सोडला नाही. पाणी बावीच्या कठड्याला लागलं तेव्हा मात्र ती पाण्यात उतरली आणि कठड्याला हात लावून उभी राहिली. गाव बांध बांधायला धावलं, हे खरं सांगायला हवं. तिवराचा आमरस विचारणारा सगळ्यांत पुढे होता, कमरेभर पाण्यात. पण ओली माती टिकते किती? पुढच्या पौर्णिमेला ती पुन्हा गेली.

पहिल्यांदा बावीचं पाणी नुसतं जड झालं. डाळ शिजेना. मग चहा फाटू लागला. शिमग्यापर्यंत आम्ही दोघेही, काही झालेलं नाही असं दाखवत, तेच पाणी प्यायलो. मी खारं म्हणालो नाही, कारण तिला वाईट वाटलं असतं. ती म्हणाली नाही, कारण तिने म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. शेवटी कळशी शेजाऱ्याच्या विहिरीवरून येऊ लागली.

कलमं दसऱ्यापर्यंतच वाळली होती. सुपरवायझरने नवी आणली. तीही वाळली. अटीत 'जगवून दाखवायची' असं असल्यामुळे सगळा जोर 'दाखवायची' या भागावर आला. मे महिन्यात पाहणीला वनखात्याचे साहेब येणार असं कळलं. त्याच्या आदल्या दिवशी मोठाली, कुंडीतली कलमं आली आणि कुंडीसकट मातीत पुरली गेली. शोभा यावी म्हणून काहींवर आंबे बांधले होते. हिरव्या सुतळीने, नीट.

गाव बघायला जमलं. मला वाटलं, आता तरी लोक चिडतील. आणि खरंच चिडले. एक म्हातारा पिंजऱ्यात वाकून बघत ओरडला, "अरे, ही पायरी हाय! हापूसच्या कलमाला पायरी बांधलान!" केवढा गहजब झाला! मेलेली झाडं चालली, फुटलेला बांध चालला, पण हापूसवर पायरी? सुपरवायझरला घेराव पडला. संध्याकाळी अस्सल हापूस आणून बांधल्यावरच गाव शांत झालं. मी घरी येऊन एकटाच हसत बसलो, आणि मग हसू येईनासं झालं.

साहेब आले, पिंजरे पाहिले, फोटो झाले. ऊन फार होतं, म्हणून सरपंच त्यांना जवळचं घर म्हणून आमच्या पडवीत घेऊन आले. दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग बाकीचं बोलणं, ही आमच्याकडची रीत. सरपंचांनी बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी द्यायला मला खुणेने सांगितलं. पण वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली होती. बावीचं पाणी होतं. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि थांबले. ते सभ्य गृहस्थ होते, थुंकले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी तो घोट गिळला.

"गूळ छान आहे हो," ते म्हणाले. "घरचा का?"

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, पाणी तोंडात गेलं की ते विचारतील. ते विचारते, तर सांगायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. साहेबांनी तांब्या हळूच खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. लागवड समाधानकारक असल्याचा शेरा त्याच आठवड्यात आला, असं सरपंचांनी आनंदाने सांगितलं. बावीचंही त्यांनी वर कळवलं होतं. त्यावर शेठने उदार मनाने आमच्या घरी पाण्याचे जार पाठवायला सुरुवात केली. जारवर आंब्याच्या पानाचं चित्र असतं.

यंदाच्या पावसात एक गंमत झाली. मेलेल्या कलमांच्या खड्ड्यांत, हिरव्या पिंजऱ्यांच्या आत तिवर उगवला. कुणी लावला नाही. भरतीबरोबर कुठून कुठून बिया आल्या आणि मऊ माती बघून रुजल्या. वहिनी रोज बांधावरून ते बघून यायची. जेवताना सांगायची, "आज दोन पानं जास्त दिसतात हां, भावजी." कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज मला पूर्वीसारखा वाटला.

मग सुपरवायझर मजूर बायका घेऊन आला. कंत्राटात तण काढायचं होतं. स्थानिक वनस्पतीच्या पिंजऱ्यात दुसरं काही उगवलं, तर ते तण. दोन पिंजरे साफ झाले तेव्हा वहिनी साडी खोचून चिखलात उतरली आणि तिसऱ्यापुढे उभी राहिली. मीही उतरलो. माझी चप्पल तिथेच राहिली, अजून तिथेच असेल.

"आजी, बाजूला व्हा. यादीत फक्त हापूस आहे," सुपरवायझर म्हणाला.

"मंग हापूस म्हना," वहिनी म्हणाली.

त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग साफ झालेल्या दोन रिकाम्या पिंजऱ्यांकडे. त्याला दर महिन्याला हिरव्या पानांचा फोटो पाठवावा लागे, आणि साऱ्या खाजणात हिरवी पानं काय ती तिवराचीच होती. त्याने बायकांना थांबवलं, फोन काढला आणि फोटो घेतले. तेव्हापासून शेठच्या दप्तरी आमचा तिवर हापूस म्हणून वाढतो आहे. एखाद्या वर्षी त्याला मोहोर आल्याचंही कळवतील.

मी खूश होतो. वर येताना वहिनीला म्हटलं, बघा, झाडं वाढली की बांध टिकेल, मग बावही सुधारेल. "किती वर्सांनी?" तिने विचारलं. मी बोटांवर मोजू लागलो. पावसाने मीठ धुऊन जायला वेळ लागतो, आणि तिने सत्तरी ओलांडली आहे.

सुपरवायझर आमच्या मागोमाग पडवीत आला आणि घाम पुसत म्हणाला, "आजी, जरा पाणी द्या."

आमच्या घरात त्या बाईने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती आत गेली. ती पाणी घेऊन बाहेर येईना, तेव्हा मीच उठून जारमधलं पाणी पेल्यात ओतून त्याला दिलं. तो एका दमात प्यायला, आणखी मागून प्यायला.

"गोड आहे हो पाणी," तो समाधानाने म्हणाला. "विहिरीचं का?"

मी तोंड उघडणार, तोच आतून वहिनीचा आवाज आला.

"नाय. ता तुमचाच हाय."