वकीलमावशींची घंटी

मी बाल न्यायालयात टायपिस्ट. चोवीस वर्षं मान मोडून टाइप करतेय, तेव्हा वकील नावाच्या प्राण्याबद्दल माझं मत न विचारलेलंच बरं. अपवाद एकच. मुलांच्या केस लढणाऱ्या आमच्या वकीलमावशी.

बाई ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर, आणि पर्समध्ये टपली मारली की वाजणारी पितळी घंटी. मूल पहिल्यांदा भेटायला आलं की मावशी ती त्याच्यापुढे सरकवणार. "मी बोललेलं कळलं नाही की वाजव. लाजायचं नाही." मग मुद्दाम अगडबंब शब्द वापरतात, पोरं खिदळत टिंगटिंग करतात, आणि शेजारच्या खोलीत माझं डोकं उठतं.

एकदा मी तावातावाने भांडायलाच गेले. तर म्हणाल्या, "अगं, नऊ वर्षांची होते. आईबाबांच्या घटस्फोटाचं कोर्टात चाललेलं, मुलं कुणाकडे राहणार ते ठरायचं होतं. जजसाहेबांनी मला काहीतरी विचारलं, ओ की ठो कळलं नाही. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं. त्या एका 'हो'पायी चार वर्षं दादापासून लांब राहिले." मी आले तशी परत फिरले.

गेल्या मंगळवारी बारा वर्षांच्या एका मुलीची केस होती. शाळेतल्या बाईंचा मोबाइल चोरल्याचा आरोप. पोलिसांपुढच्या जबाबात अकराही प्रश्नांना उत्तर एकच: हो. तो जबाब धरला तर सुधारगृह, नाहीतर बाबांबरोबर घर. बाबा नळदुरुस्तीवाले, पाना खिशात तसाच ठेवून आलेले, मागच्या बाकावर घामाघूम.

जजसाहेबांनी विचारलं, "सदर जबाब तू परिणामांची जाणीव ठेवून स्वेच्छेने दिलास?"

टिंग!

मी दचकून भलतीच कळ दाबली. "हे काय?" साहेब म्हणाले.

"माझी अशील म्हणतेय, कळलं नाही," मावशी म्हणाल्या. "साहेब, तो जबाब मोठ्याने वाचू द्या. अडेल तिथे ती वाजवेल."

वाचायचा कुणी? मीच, आणखी कोण! "सदर वस्तू अप्रामाणिक हेतूने ताब्यात घेतलीस?" टिंग. "संमतीविना स्थलांतरित केलीस?" टिंग. अकरा प्रश्नांत नऊ वेळा. न वाजलेले दोन म्हणजे नाव हेच का आणि शाळा हीच का. शेवटी शेवटी मला हसू आवरेना.

"मग हो का म्हणालीस गं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"मोठी माणसं विचारत होती. हो म्हटलं की घरी सोडतील, असं वाटलं."

"मोबाइल घेतलास?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही."

साहेबांनी घसा खाकरून आदेश सांगायला सुरुवात केली. "उपरोक्त जबाब ग्राह्य धरता येत नसल्याने सदर बालिकेचा ताबा..."

टिंग!

अख्ख्या खोलीत हशा पिकला. साहेबही पोट धरून हसले. मग पुढे झुकून म्हणाले, "हा जबाब मी मानत नाही. तू आज बाबांबरोबर घरी जा." आणि माझ्याकडे वळून, "हेच टाइप करा. असंच."

केलं. इतक्या वर्षांत इतका साधा आदेश मी पहिल्यांदाच टाइप केला, आणि हो, मला रडू आलं, त्यात लपवायचं काय! वर पाहिलं तर मावशींचा चष्मा कधी नव्हे तो डोळ्यांवर होता. मुलीचा हात अजून घंटीवरच. या वेळी तिने ती वाजवली नाही. उठली आणि बाबांकडे धावत सुटली.