छपरावरच्या फुल्या

छपरावर चढल्यावर सान्तानमामा पहिला अर्धा तास कामाला हात लावत नसत. चपला शिडीखाली, एका हातात ओल्या चुन्याचा डबा, दुसऱ्यात कुंचला, कमरेला खोचलेली लाकडी ठोकणी. अनवाणी पावलांनी ते सबंध छप्पर फिरून येत. सिमेंटच्या पत्र्याखाली लोखंडी आधार कुठे आहे, ते वरच्या बोल्टांच्या रांगेवरून कळतं. त्या रांगेवर ते चुन्याची रेघ ओढत. खाली उजेड पडावा म्हणून अशा छपरात मधेमधे प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे घालतात. चार-पाच उन्हाळ्यांत ते खारी बिस्किटासारखे ठिसूळ होतात. त्यांच्यावर मामा मोठी फुली मारत. "रेघेवर चालायचं. फुली तिथं पाय नाय." आम्हा सगळ्यांना त्यांनी शिकवलेला कायदा एवढाच.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कामणच्या बाजूला गोदामं आणि कारखान्यांच्या शेड उठत होत्या आणि आमची लहानशी कंपनी त्यांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवायची. विजेची नव्हेत, पाणी तापवणारी; काचेच्या चपट्या पेट्या, आत काळे रंगवलेले तांब्याचे पाइप. मी डिप्लोमा करून नुकताच सुपरवायझर झालो होतो. पहिल्याच दिवशी बुटांसकट पत्र्याच्या मधोमध पाऊल टाकायला निघालो, तर मामांनी मागून कॉलर धरली.

"सायबा, बायकोला इचारून आलास काय?"

"लग्न नाही झालं अजून."

"मंग होऊ दे की आधी! कोन पोरगी बिचारी वाट बघत आसंल तुजी."

मामा नायगावच्या कोळीवाड्यातले, ख्रिस्ती. अर्धं आयुष्य मचव्यांवर गेलेलं. डोलकाठीवर चढणारा माणूस पत्र्यावर कसा आला, असं विचारलं तर म्हणत, "बोटीवर खालचं पानी दिसतं तरी. हिथं खाली काय हाय ते पत्रा सांगतो. आपुन गप राहून ऐकायचं." मग ठोकणीने टकटक करून मला आवाजातला फरक ऐकवत. मला तो कधीच कळला नाही. मी मान हलवायचो.

संध्याकाळी ते घेत, आणि ते लपवतही नसत. मात्र राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत थेंबाला शिवत नसत. "चाळीस दिस देवाचे. बाकीचे दिस मोनिकाच्या डोक्याला ताप." मोनिकामामी म्हणजे त्यांची बायको. त्या डब्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं जास्तीचं देत, माझ्यासाठी. "खा सायबा, अंगावर मास चढू दे," मामा म्हणत आणि लगेच, "नको, नको, पत्रा वरडंल!"

हे सगळं मी पूर्वीही लोकांना सांगितलं आहे. ऐकणारे हसतात. पुढचं सांगितलेलं नाही.

कामणला कापड रंगवायच्या एका कारखान्यावर आमचं काम होतं. पॅनेल बसली होती, उद्घाटन ठरलं होतं. आदल्या दिवशी मालक छपराकडे बघून म्हणाले, "या फुल्या काय, या रेघा काय? फोटोत गोठा दिसेल हा." मामा त्या दिवशी गावात एका मयतीला गेले होते. मी रंगाऱ्यांना बोलावलं आणि सगळ्या छपराला रुपेरी रंग मारायला लावला. रेघा, फुल्या, बोल्ट, पारदर्शक पत्रे, सगळं एकसारखं चकाकायला लागलं. मालकांनी माझी पाठ थोपटली. मामांना सकाळी सांगू, असं मी ठरवलं.

सकाळी एका पॅनेलच्या जोडातून पाणी ठिबकताना दिसलं. मी मालकांबरोबर खाली चहा पीत होतो. मामा पाना घेऊन वर गेले, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

"सायबा, फुल्या कुठं गेल्या?"

"रंगाखाली आहेत, मामा."

"मंग अर्धा तास दे. पुन्यांदा ठोकून बघतो."

फाटकातून पाहुण्यांची गाडी आत येत होती. मालक माझ्याकडे बघत होते. मी वर ओरडलो, "अर्धा तास कुठला आता? एक वॉशर तर बदलायचाय! तुम्हाला पाठ आहे ना सगळं छप्पर?"

मामांनी पाना कमरेला खोचला. मग म्हणाले, "तू बोलतोस तर जातो."

पाच पावलं गेले असतील. आवाज फार मोठा झाला नाही. खारी मोडावी तसा. शेडच्या आत काँक्रीटवर पडले ते बोललेच नाहीत. हॉस्पिटलच्या वाटेवर टेम्पोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कामणच्या पुढे कधीतरी ते गेले. मला कळलंसुद्धा नाही. मी बोलतच राहिलो होतो.

दुपारी कारखान्याच्या ऑफिसात कागद तयार होता. कामगार दारूच्या नशेत होता, मनाई असताना छपरावर चढला. साक्षीदार म्हणून मी सही केली. कुणी धमकावलं नव्हतं. पेन पुढे आलं, मी घेतलं. इतकंच.

ईस्टरला तेव्हा तीन आठवडे होते.

मयतीला गेलो तर ती बातमी माझ्या आधी कोळीवाड्यात पोचली होती. उपासाच्या दिवसांत प्यायला, देवाला दिलेला शब्द मोडला, म्हणून पडला, असं बायका कुजबुजत होत्या. शवपेटीशेजारी मोनिकामामींनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सायबा, तू हुतास तिथं. तो पिऊन हुता काय?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, मामी."

त्यानंतर दहा वर्षं मी नायगावला उतरलो नाही. मागच्या वर्षी गेलो. खाडीकडे इमारती चढत होत्या. मामींचं घर तेच होतं. मी खाली बसून सगळं सांगितलं.

"माला म्हाईत हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "मी त्याच्याजवळ झोपायची, माला नाय कळनार? पन लोक अजून बोलतान. आता भायेर ओट्यावर चल. माला बोललास तेच बोल. मोठ्यान."

ओट्यावर चार बायका मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांनी माना वर केल्या. मामी दाराला धरून उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. शेवटी मामी म्हणाल्या, "जा, सायबा. तुजी गाडी जाईल."

म्हणून हे लिहिलं. सान्तानमामा त्या सकाळी प्यायलेले नव्हते. त्यांच्या फुल्या मी बुजवल्या. त्यांनी अर्धा तास मागितला, तो मी दिला नाही. मामींना वाचता येत नाही. नायगावात हे कुणाच्या हाती पडलं, तर त्यांच्या ओट्यावर जा आणि वाचून दाखवा. मोठ्याने वाचा.