चिंचेनं घासलेला नगारा

तांब्याच्या भांड्याला चिंच लावली की तिच्या आंबट वासानं मला न्यू जर्सीतलं आमच्या हायस्कूलचं ऑडिटोरियम आठवतं. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवायचे, म्हणजे तांब्याचे दोन मोठे नगारे. पेडल दाबलं की कातडं ताणलं जातं आणि सूर चढतो; तो कातड्याजवळ कान नेऊन, गुणगुणत जुळवावा लागतो. ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, फ्लूट घे ना, मुलींना शोभतं." आईनं ते लक्षात ठेवलं. कॉन्सर्टच्या दुपारी ती डब्यात चिंच-मीठ घेऊन आली आणि सणाला देवाची भांडी घासावीत तसा एक काळवंडलेला नगारा तिनं लख्ख केला. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात म्युझिकचे सर धावत आले. "एक गुलाबी, एक काळा! लोक हसतील," असं ओरडून त्यांनी घासलेल्या नगाऱ्याभोवती काळं कापड बांधायला लावलं. आई खाली मान घालून हात पुसत राहिली. ते मला सहन झालं नाही. संध्याकाळी पडदा उघडायच्या आत मी ते कापड सोडून विंगेत भिरकावलं. सरांनी डोळे वटारले. मी मुद्दाम त्याच नगाऱ्यावर वाकून सूर जुळवला आणि माझी वेळ येताच असा टोला हाणला की पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच काकू दचकल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांच्या शेजारी बसलेल्या आईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं काकूंना विचारलं, "काय, शोभतं ना?" फ्लूटला मी आजतागायत हात लावलेला नाही.