नानांचा मिशीवाला मासा आणि देव्हाऱ्यातली पळी

माझ्या सायकल दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. फुटक्या ट्यूबा आणि नानांचे किस्से. ट्यूबा निदान भंगारवाला नेतो! मी चौथीतून शाळा सोडली (शाळेनं मला सोडलं, असं मास्तर सांगायचे), तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. त्या माझ्या. बाकी सगळ्या चुका नानांच्या.

वसंतनाना म्हणजे जळगावातले आमचे शेजारी, रिटायर कारकून. काळजी करणे हा त्यांचा फुलटाइम धंदा. लेक सुनंदा धुळ्याला दिलेली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळीला आली तेव्हा मुंबईहून आणलेली काचेची टाकी आणि तिच्यातला बोटाच्या पेराएवढा कॅटफिश नानांच्या गळ्यात बांधून गेली. तिला नुकतेच दिवस गेलेले. जाताना म्हणाली, "नाना, उन्हाळ्यात बाळंतपणाला येईन. तोवर हा मोठा झालेला दिसला पाहिजे!"

झालं! नानांच्या डोक्यात पक्कं बसलं. मासा मेला तर पोरीला धक्का बसणार, आणि या दिवसांत धक्का बसला तर... पुढचं ते बोलायचेच नाहीत.

*

दुसऱ्याच सकाळी नाना चप्पल न घालता दुकानात. "भाऊ, मासा गायब!"

आम्ही कॉटखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. शेजारच्या मांजरीचं पोट दाबून पाहिलं, तिनं मला ओरबाडलं. शेवटी टाकीतलं मडक्याचं खापर उचललं, तर साहेब आत आरामात पडलेले.

मी म्हटलं, "नाना, हा अंधारात फिरणारा प्राणी. दिवसभर पडून राहतो."

"म्हणजे तुझ्यासारखा!"

समोर माझ्या दुकानाच्या दारात गिऱ्हाईक पंक्चरसाठी दोन तास उभं होतं.

*

तळाला नानांनी रस्त्याच्या कामावरची खडी टाकलेली, टाकी "मजबूत" राहावी म्हणून. आता हा मासा तळाशी मिशा घासत खाणं हुडकतो. महिन्याभरात त्याची डावी मिशी अर्धी झाली! मग मी गिरणा नदीतली बारीक वाळू आणली. नानांनी ती अकरा पाण्यांतून धुतली आणि रोज भिंग घेऊन टाकीसमोर बसू लागले.

"उगवतेय का रे?"

"नाना, तुमची काढून लावू का? तिचा घरात तसाही काही वट नाही."

पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी पेढे घेऊन आले. "तांदळाएवढी उगवली!"

*

एप्रिलात जळगाव तापलं. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, पण वीज गेली की हवेचा पंप बंद. मासा वर येऊन तोंड उघडायचा आणि खाली नानांचा जीव वर-खाली व्हायचा.

मी म्हटलं, "घाबरता काय? हवा हा माझा धंदा आहे!"

ट्रकची ट्यूब ठासून भरली, व्हॉल्व्हला बारीक नळी जोडली, नळीचं टोक टाकीत. हवा थोडी थोडी सोडायची, बस्स. पण नाना कानाशी सारखे "लवकर, लवकर!" करत होते. व्हॉल्व्ह एकदम सुटला. पाणी उडालं ते भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत!

नानांच्या मंडळी, म्हणजे अक्का, आतून अहिराणीत ओरडल्या, "काय व्हयनं?"

नाना चिंब. चष्म्यावर वाळू. टाकीवर वाकून खापर उचललं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "जित्ता शे."

"मंग च्या पी ल्या," अक्का म्हणाल्या.

*

मे महिन्यात, सुनंदा यायला दहा दिवस असताना, मासा पोट वर करून पोहायला लागला.

नानांचं अवसानच गेलं. देव्हाऱ्यातली पळी आणली आणि त्याला हलकेच सरळ केलं. मासा पुन्हा उलटा. पुन्हा पळी. चार दिवस हेच! अक्का आपली पळी शोधत घरभर विचारत फिरायच्या, "मनी पळी कोठे शे?" नानांचा चहा सुटला, जेवण सुटलं. पोरीला पत्र लिहायची हिंमत नाही.

मी पार्ट आणायला धुळ्याला गेलो होतो, तिथल्या शोभेचे मासे विकणाऱ्याला विचारलं. तो हसायला लागला. "जातच उलटी हो त्याची! पिल्लू असताना सरळ पोहतो, अंगानं भरला की उलटा. कुणीतरी नीट वाढवलाय!"

एवढा माल हाती आल्यावर मी सोडतो होय? परत येऊन तोंड पाडलं. "नाना, विचारून आलो. आधी तुम्ही खाली बसा."

नाना बसले. मी घसा खाकरला, पाणी मागितलं, सावकाश प्यालो. वर बघतो तर नानांचे ओठ पांढरे, पळी छातीशी धरलेली. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी चेष्टा अर्ध्यात सोडली! भडाभडा सगळं सांगून टाकलं.

"मोठा झाला की उलटा?"

"मोठा झाला की उलटा."

तीनदा वदवून घेतलं. मग मला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या, आणि दोन कप चहा प्याले.

*

सुनंदा आली. मासा पाहून टाळ्या वाजवत म्हणाली, "नाना, केवढा झाला!" नाना दिवसभर रडले.

जूनात तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात अक्का तिच्याबरोबर आत, बाहेर बाकावर मी आणि नाना. नानांनी माझा हात धरलेला. तासाभरानं नर्सबाई बाहेर आल्या.

"बाळाचं डोकं खाली आलंय, पाय वर आहेत."

म्हणजे बाळ उलटं! मला काय कळतंय त्यातलं? म्हटलं, आता नाना कोसळणार. मी त्यांना धरायला दोन्ही हात पुढे केले.

नाना सावकाश उठले. धोतर सारखं केलं.

"म्हणजे अंगानं भरलंय ना?"

"हो आजोबा, चांगलं भरलंय," नर्सबाई म्हणाल्या.

"मग आत सांगा बाई," नाना म्हणाले, "कुणी पळी लावू नका!"